येण्याचं कारण: सहज

३ जुलै, सोमवार

नेमणूक झाली. अधीक्षक साहेबांनी स्वतः खिडकीशी येऊन सांगितलं आणि आदेशाची प्रत हातात दिली, म्हणजे बातमी पक्की. विद्यार्थी समुपदेशक, तात्पुरती, तीन महिने. अटी दोन. चाळीस बैठका पूर्ण करायच्या आणि ३ ऑक्टोबरला समितीपुढे मोठ्या मॅडमची, म्हणजे मुख्य समुपदेशकांची, शिफारस हवी. दोन्ही जमलं तर कायम. एक जरी हुकली तर परत प्रवेशखिडकीवर, जिथे सतरा वर्षं काढली त्याच खुर्चीत.

दोन वर्षं समुपदेशनाचे संध्याकाळचे वर्ग केले. प्रात्यक्षिकात एकदा नापास झाले. "समोरच्याला मध्येच तोडतात," असा शेरा होता. दुसऱ्यांदा पास.

घरी सांगितलं तेव्हा हे वजनकाटा उघडून बसले होते. दुकानदारांचे काटे दुरुस्त करायचं काम रविवारीही सुटत नाही, तर सोमवारी काय सुटणार. म्हणाले, "वा." सासूबाई म्हणाल्या, "सल्ला द्यायला शिकायला दोन वर्षं? आम्ही तर जन्मभर फुकट देतोय, कुणी आदेश काढला नाही."

मोठ्या मॅडमनी दोनदा अभिनंदन केलं. एकदा पुरे होतं. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत, मोठ्या फक्त हुद्द्याने. आजवर सगळी मुलं त्यांच्याकडेच जायची. आपल्या ताटातलं कोण हसत वाढतं?

५ जुलै, बुधवार

खोली मिळाली. जिन्याशेजारची, पूर्वी नकाशे टांगायची. भिंतीवर अजून अकरा आकडे आहेत. दोन खुर्च्या, एक टेबल, धुरकट काचेची खिडकी. मोठ्या मॅडमची खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. ही कुणी निवडली, असं विचारलं तर बेलवाले मामा म्हणाले, "मॅडमच म्हणाल्या, जिन्याशेजारची द्या, येणाऱ्याला कुणी बघत नाही."

येणाऱ्याला कुणी बघत नाही, की मला?

दाराबाहेर स्टूल ठेवलं, त्यावर नवी नोंदवही. रकाने मी स्वतः आखले: अनुक्रमांक, नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, येण्याचं कारण, वेळ, सही. पेन सुतळीने बांधलं. आत काय बोलणं झालं ते गुप्त, हे वर्गात शिकवलंच आहे. पण कोण आलं हे कसं गुप्त असेल? नोंद नाही ते घडलंच नाही. चाळीस बैठका म्हटल्यावर उद्या समितीने पुरावा मागितला तर हाताशी असावा.

१२ जुलै, बुधवार

एकही नाही. सात दिवसांत एकही नाही. दारातून पावलं ऐकू येतात, वहीपाशी थांबतात आणि परत जातात. आज उठून दार उघडलं तर दोन मुली पळाल्याच. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "अगं, खिडकीवाल्या बाई!"

वर मोठ्या मॅडमकडे बाकावर चार जण बसलेले. जाता जाता मोजले.

मुलांना माझ्याकडे येऊ नका असं कुणीतरी सांगतंय. पुरावा नाही. पण धूर आहे.

२० जुलै, गुरुवार

आज स्टूल जागेवर नव्हतं. वहीसकट जिन्याच्या वळणावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. पेन गायब. मामांना विचारलं तर म्हणाले, "झाडताना सरकलं असेल, ताई." दहा पावलं सरकलं? आणि पेन? त्यांनी कानावर हात ठेवले.

स्टूल परत दारापाशी. नवं पेन, दुहेरी सुतळी.

मोठ्या मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाई, ती वही थोडे दिवस नाही ठेवली तर?"

"मग बैठका मोजणार कशा?"

"तुम्ही मोजाल ना. तुमच्यावर विश्वास आहे."

अस्सं. म्हणजे नोंद ठेवायची नाही आणि ऑक्टोबरात विचारायचं, पुरावा कुठाय? मी सतरा वर्षं कार्यालयात काढलीत. असल्या प्रेमळ सूचना ओळखते.

२७ जुलै, गुरुवार

तीन आले! तिघांनी वही नीट भरली. येण्याचं कारण: सहज. सहज. सहज. पहिला वीस मिनिटं पंख्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, त्याला गणित सोडायचंय. मी मध्येच तोडलं नाही. जीभ चावून बसले होते, खरोखर.

एकदम तीन कसे? तीन आठवडे शून्य आणि आज तीन? आनंद झाला, पण पूर्ण नाही.

३ ऑगस्ट, गुरुवार

एक मुलगी आली. दुसरं वर्ष, असं वहीत आहे. येण्याचं कारण: सहज. बारीक, पाठीवर जड पिशवी. ती पूर्ण वेळ मांडीवरच, खाली ठेवली नाही. बसल्यावर पहिलं वाक्य, "तुम्ही मला ओळखलं नाही ना?"

"नाही. ओळखायला हवं होतं का?"

"नको. बरंय."

नंतर म्हणाली, "प्रवेशाच्या वेळी माझ्याकडून खिडकीवर तीनदा अर्ज लिहून घेतला होतात, खाडाखोड झाली म्हणून." असेल. नियमच तो.

बाकी विशेष काही बोलली नाही. दर गुरुवारी येऊ का, असं विचारलं. ये म्हटलं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारची मुलगी चौथ्यांदा आली. आज उलगडली. मार्चपासून तिने एकही तास केलेला नाही. रोज सकाळी घरून डबा घेऊन निघते आणि नगरवाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसते. पाचला घरी. वडील दारातच विचारतात, आज काय शिकवलं? ती रोज एक धडा रचून सांगते. "बाबांना माझ्यापेक्षा जास्त विषय येतो आता," म्हणाली आणि हसली. मीही हसले.

कॉलेजला मात्र गुरुवारी एकदाच येते, ते माझ्याकडे.

मी विचारलं, पुढे काय? म्हणाली, "गैरहजेरीची पत्रं घरी जातात ना? तोपर्यंत चालेल. नंतरचा प्रश्नच नाही."

घरी आल्यावर लिहितेय आणि खटकतंय. जी मुलगी सहा महिने कॉलेजकडे फिरकत नाही, ती जिन्याशेजारच्या खोलीत बरोबर वेळेवर येते? आणि गोष्ट इतकी नेटकी? कुणीतरी शिकवल्यासारखी.

७ सप्टेंबर, गुरुवार

बावीस बैठका. आकडा चढतोय तशी माझी झोप उडतेय. ह्यांना म्हटलं, "आयतं कुणी इतकं देत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय." हे काट्याच्या पारड्यावर फुंकर मारत म्हणाले, "काटा बरोबर दाखवायला लागला की तुला तो बिघडलाय असं वाटतं."

ह्यांना सगळं काट्यातच दिसतं.

गुरुवारची मुलगी आज पिशवी पायाशी ठेवून बसली. जाताना म्हणाली, "घरची मांजर शेजारणीला दिली. तिला सवय व्हायला हवी." बरं म्हटलं. मांजरांबद्दल मला काय कळतं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

धूर होता तिथे आग सापडली.

आज कार्यालयात जाऊन वहीतली नावं पटावर ताडून पाहिली. चौदा वेगवेगळी नावं. त्यातली अकरा या कॉलेजात नाहीत. नाहीतच! हजेरी क्रमांक दुसऱ्यांचे. आणि अकरा जणांत आडनावं फक्त तीन. चौदातली अकरा माणसं तीन घरांतली? एकाच टोळक्याने बसून रचलंय हे. गुरुवारच्या मुलीचं नावही त्यातच.

डाव कळला. खोटी मुलं पाठवायची, मला चाळीसचा आकडा गाठू द्यायचा आणि समितीपुढे वही उघडून म्हणायचं, बघा, बाईंनी बोगस नोंदी केल्या. मग खिडकीसुद्धा राहणार नाही. आणि वही ठेवू नका म्हणणाऱ्या त्याच, म्हणजे हात झाडायला मोकळ्या.

अधीक्षक साहेबांना अजून बोलले नाही. आधी पुरावा.

१४ सप्टेंबर, गुरुवार

ती आली. बसायच्या आधीच मी पट समोर ठेवला. "या नावाची मुलगी या कॉलेजात नाही. तुला कोणी पाठवलं?"

तिने पटाकडे पाहिलं. मग पिशवी उचलली.

"कोणीच नाही," म्हणाली आणि गेली. दार हळूच लावून घेतलं.

ठरवून आलेलं उत्तर. चेहरा मात्र पांढरा पडला होता. चोरी पकडली गेली की पडतोच.

पाच मिनिटं. ही बैठक धरता येणार नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आली नाही. अपेक्षितच.

अधीक्षक साहेबांनी सूचना लावली: गैरहजेरीची पत्रं शुक्रवारी २९ तारखेला टपालात पडणार. तीनशे चाळीस पाकिटं. मदतीला येता का, असं विचारलं. जुनी सवय आहे म्हणून येते म्हटलं.

प्राचार्यांकडे मोठ्या मॅडमविरुद्ध तक्रार द्यायची ठरवली आहे. उद्या मसुदा.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

मसुदा लिहायला सकाळी नऊला बसले. मुद्दा पाच: सदर मुलीने वेळोवेळी केलेली विधाने, जी पढवलेली असल्याचा दाट संशय आहे. विधाने टिपणांतून एकाखाली एक उतरवू लागले, जशी कार्यालयात उतरवतात.

एक. रोज वाचनालयात बसते.
दोन. पत्रं जाईपर्यंत चालेल.
तीन. नंतरचा प्रश्नच नाही.
चार. मांजर शेजारणीला

पुढे लिहिता येईना. चारही वाक्यं एका कागदावर पहिल्यांदाच बघत होते. संध्याकाळच्या वर्गात आम्हाला एक यादी पाठ करायला लावली होती: माणूस आवरासावर करायला लागला, आपल्या वस्तू, आपली जनावरं देऊन टाकायला लागला, तर थांबू नका. त्या यादीला मला दहापैकी दहा होते.

कार्यालयात धावले. दुसऱ्या वर्षाचे अर्ज काढायचे, वहीतलं अक्षर जुळवायचं, खरं नाव शोधायचं, घरचा पत्ता काढायचा. तीन गठ्ठे जमिनीवर पसरले होते तेवढ्यात मागे मोठ्या मॅडम. कपाटाच्या किल्ल्या मागितल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कोणी, ते नंतर बघू.

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मांजरीसकट सगळं सांगितलं. तक्रारीचा मसुदा हातातच होता, तोही त्यांना दिसला. त्यांनी वाचला. पहिले चार मुद्दे त्यांच्याबद्दल होते.

"रोज कुठे बसते म्हणाली?"

"नगरवाचनालय. दुसरा मजला. वर्तमानपत्रांचं टेबल."

"मग कपाटात काय शोधताय? चला."

रिक्षात मसुदा माझ्या मुठीत चुरगळत होता.

ती तिथेच होती. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हती. मोठ्या मॅडम दारातच थांबल्या, मला म्हणाल्या, "तुमच्याकडे येत होती. तुम्ही जा." मी शेजारी बसले. खरं तेच बोलले. "मी चुकले. तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला. तू खरं सांगत होतीस."

ती म्हणाली, "खरं नाव लिहिलं असतं तर खिडकीवरून घरी पत्र गेलं असतं."

"माझ्याकडून?"

"खिडकीवाल्या बाई तुम्हीच ना?"

मग मी सरळ विचारलं, जसं विचारायला शिकवलं आहे तसं, शब्द न गाळता: जीव द्यायचा विचार येतो का? टेबलापलीकडचे आजोबा उठून दुसरीकडे गेले. ती म्हणाली, हो. कधी, कसं, तेही विचारलं. तिने सांगितलं. मी मध्ये तोडलं नाही.

पुढचे तीन तास इथे लिहीत नाही. एवढंच नोंदवते की तिने स्वतः मावशीला फोन केला, मावशी आली, तिघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या: ती, मावशी आणि मोठ्या मॅडम. पत्रं जाऊन वडिलांशी बोलणं होईपर्यंत ती मावशीकडे झोपणार. निघताना तिने मला आपलं नाव सांगितलं. ते मी कुठेही लिहिलेलं नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी वही उचलून कपाटात टाकली आणि स्टूल मामांना परत केलं. म्हटलं, "मामा, आता खरं सांगा. स्टूल कोण सरकवत होतं?"

"मीच," म्हणाले. "पेनही मीच नेलं. पोरं यायची, वही बघायची, परत जायची. एक तर जिन्यात रडत होती. शेवटी मीच म्हटलं, अरे टाका कुणाचंही नाव. कुणाचं टाकू म्हणाली, तर दिली आपल्यातलीच."

"आपल्यातली म्हणजे?"

"माझे मेव्हणे, साडू, त्यांची पोरं. बायकोच्या चुलत बहिणी. खोटी नाहीत हो, ताई, सगळी जिवंत माणसं आहेत."

म्हणून आडनावं तीन.

घरी सांगितलं तर हे इतके हसले की हातातला स्क्रू पलंगाखाली गेला. "म्हणजे मामांची अख्खी सासुरवाडी तुझ्याकडे मन मोकळं करून गेली!" सासूबाई म्हणाल्या, "त्या साडूला खरंच गरज असेल, एकदा बोलाव."

मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन पाच मिनिटं बसून राहिले. पोरं वहीपाशी थांबत होती. मला ती पावलं रोज ऐकू येत होती.

एक मात्र लिहायचं राहिलं. मामांना विचारलं होतं: मोठ्या मॅडमना हे ठाऊक होतं का? मामा म्हणाले, "त्यांनीच सांगितलं, बाईंना बोलू नका, त्यांचं त्यांना दिसू दे." ह्याला काय म्हणायचं? चांगुलपणा की मजा बघणं? अजून ठरत नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार

वही नाही, तर या आठवड्यात नऊ जण आले. एकाने विचारलं, "सही कुठे करायची?" म्हटलं, बस. एकतीस झाल्या.

ती आली होती. औषध सुरू आहे, झोप येते म्हणाली. विचार? "येतात. मावशी घोरते, त्यामुळे पूर्ण होत नाहीत." वडिलांना पत्रातून कळण्याआधी तोंडाने सांगायचं, हे तिनेच ठरवलं. पण घरात नाही, माझ्या खोलीत. मला धडकी भरली, तिला दाखवली नाही.

उद्या पाकिटं चिकटवायला जायचं होतं, नाही जात म्हणून कळवलं. तीनशे चाळीसमधून एक पाकीट बाजूला सारणं मला सहज जमलं असतं. मोह झाला. पण मग पुढच्या महिन्यात दुसरं पत्र निघतंच, आणि पुन्हा तेच वाचनालय.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पत्रं गेली. अधीक्षक साहेबांनी सांगितलं, मध्ये सुट्ट्या आहेत, बुधवारी पोचतील.

त्यांनीच दुसरंही सांगितलं, आणि लेखी दिलं: समितीला पडताळणीसाठी मूळ नोंदवही हवी. मी बैठकांची तारीख, वेळ आणि मिनिटं एवढीच यादी दिली होती, बिननावाची. साहेब चष्मा काढून म्हणाले, "बाई, नोंद नाही ते घडलंच नाही, हे तुम्हीच नव्या लोकांना शिकवायचात."

"चुकीचं शिकवलं."

"वही नाही दिली तर एकतीसचं शून्य धरतील. आणि तशाही नऊ कमीच आहेत."

"धरू देत."

"वहीत आहे तरी काय एवढं?"

काय सांगणार? मामांचे साडू आहेत म्हणून? पण तीन मुलांनी स्वतःची खरी नावं घातलीत. दुसऱ्या कुणाच्या हातात ती जाणार नाहीत. आज संध्याकाळी वही घरी आणली आणि ह्यांच्याकडून त्या तीन ओळी पात्याने कापून घेतल्या. काट्यासाठी पत्र्याची पट्टी कापावी तसं ह्यांनी सरळ कापलं, एकही शब्द न वाचता. सासूबाईंनी चिटोऱ्या पाण्यात भिजवून लगदा केला.

३० सप्टेंबर, शनिवार

मोठ्या मॅडमनी शिफारसपत्र प्राचार्यांकडे बंद पाकिटात दिल्याचं त्यांच्याच तोंडून कळलं. आत काय आहे, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझा मसुदा त्यांनी वाचलेला आहे. त्यांच्या जागी मी असते तर काय लिहिलं असतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच धीर होत नाही. जाताना मात्र म्हणाल्या, "मंगळवारी मी वरच्या खोलीत असेन. डॉक्टरांचा नंबर तुमच्याकडे आहे. लागलं तर हाक मारा." हे माझ्यासाठी की तिच्यासाठी? तिच्यासाठीच असावं. असू दे.

मंगळवारी अकराला समिती बसते आणि पहिलं नाव माझं आहे. साडेदहाला ती वडिलांना घेऊन माझ्याकडे येणार. मावशी सोबत असेल, पण बोलणार तीच. पत्र बुधवारी पोचतं, म्हणजे मंगळवार टाळता येत नाही. आणि वडील काय करतील, हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही. ओरडतील, रडतील किंवा उठून जातील. तिन्हीची तयारी ठेवलीय. तिसरी खुर्ची वर्गातून आणून ठेवली.

अर्ध्या तासात उरकणारं हे काम नाही. समितीला उशीर होईल, असं लेखी कळवलं. उलट टपाली साहेबांची चिठ्ठी आली: किती उशीर, ते नमूद करावं.

त्याखालीच लिहून दिलं: सांगता येत नाही.